कोकिळाकाकूची इंग्रजी सवत

आंजी गावच्या कोकिळाकाकूला सवत होती, आणि ती इंग्रजी होती. तिचे यजमान रूपरावकाका शेतकी डेपोत कारकून. पंचावन्न साली नागपूरच्या एका साहेबाने त्यांना कीटकनाशकांचं जाडजूड पुस्तक दिलं. कोणतं औषध कशात विरघळतं, चुन्यात मिसळलं तर निकामी होतं का, माणसाला कितपत बाधतं, सगळं त्यात. काकांनी डिक्शनरी घेऊन ते वाचायला घेतलं आणि मग त्यातच राहायला गेले. जेवताना पुस्तक, झोपताना उशाशी पुस्तक. काकूने चोळीसाठी जपून ठेवलेल्या खणाचं त्यांनी त्याला कव्हर शिवून घेतलं, तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बायका मुद्दाम विचारायच्या, धाकटी काय म्हणते आज? त्या हसायच्या आणि काकूच्या डोळ्यांत पाणी यायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाने तिच्याकडे कधी असं निरखून पाहिलं नव्हतं. मला विचाराल तर तिचा जळफळाट अगदी रास्त होता.

त्या उन्हाळ्यात बियाण्याच्या ज्वारीला सोंडे लागले. काका म्हणाले, पुस्तकात पाहून सांगतो. झालं! त्या बयेला विचारल्यावाचूनही संसार होतो, हे दाखवायचंच असं काकूने ठरवलं. काका डेपोत गेल्यावर तिने घरात आणून ठेवलेली बीएचसी या कीटकनाशकाची भुकटी काढली, कोठीचं दार लावलं आणि दुपारभर हातांनी ज्वारीला चोळली. मग तशाच हातांनी भाकर खाल्ली.

काका आले तेव्हा ती ओकत होती आणि हातपायांना झटके येत होते. शेजारची रुख्माबाई वाटीभर पातळ तूप घेऊन धावत आली. विष बाधलं की तूप पाजायचं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. काकांनी घाईघाईने पुस्तक उघडलं, पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि काकूच्या ओठांशी आलेली वाटी दुसऱ्या हाताने उडवली.

"तूप नका पाजू. हे पाण्यात विरघळत नाई, तुपात विरघळते. तूप देलं तर सारं अंगात भिनन."

तिचे हात साबणाने धुऊन तिला बैलगाडीत घालून वर्ध्याला नेलं. तूप दिलं नाही हे बरं केलं, असं डॉक्टरही म्हणाले. काकू वाचली. रुख्माबाईने तर तिच्या देखत पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, आता तरी राग सोड, यानेच तुझा जीव वाचवला.

काकूने खाटेवर भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मी मरून राह्यली होती ना, तवाबी यायनं पयले तिच्याच तोंडाकडे पाह्यलं."