सुरू, मोरपंखी, अरोकेरिया आणि मारुतीमामा

नोव्हेंबरच्या शेवटी मी नेहमीप्रमाणे नाताळच्या झाडासाठी कसबा बावड्याच्या नर्सरीत फोन केला. फोन मारुतीमामांच्या सुनेनं उचलला. "मामा गेलं की हो, बाई. म्हैना झाला." काहीतरी बोलायचं म्हणून मी आजाराचं विचारलं. "आजारी कुठं हुतं? सकाळी रोपांस्नी पाणी घाटलं, च्या घेतला आन बसल्या जागी..." मागे मोटर चालू होती. झाडाचं विचारावं की नाही ते न कळून मी फोन ठेवला.

मारुतीमामा आमच्या नात्यातले नव्हते. त्यांची ओळख आठ वर्षांपूर्वीची. मी शाहूपुरीत राहते, शाळेत शिकवते. नाताळला आमच्याकडे माळ्यावरचं प्लास्टिकचं झाड खाली उतरायचं. त्या वर्षी काचबिंदूनं पप्पांची नजर पूर्ण गेली आणि ते म्हणाले, "यंदा खरं झाड आण." ज्याला दिसत नाही त्याला खरं काय नि प्लास्टिकचं काय, असं माझ्या मनात आलं. नर्सरीत जाऊन मी अरोकेरियाची कुंडी उचलली. सरळ खोड, चहूबाजूंनी पसरलेल्या फांद्यांचे मजले... अगदी चित्रातलं झाड. "दिसायला एक नंबर हाय," मामा म्हणाले, "दरसाल एक मजला चढवतंय. पर कुणासाठी न्यायचं?" मी पप्पांचं सांगितलं. त्यांनी कुंडी माझ्या हातातून काढून खाली ठेवली. "मग तुमी कशाला निवडताय?"

दुसऱ्या दिवशी ते टेम्पोतून तीन कुंड्या घेऊन आले आणि जिना चढून त्या पप्पांच्या कॉटपाशी मांडल्या. मला तो आगाऊपणा वाटला होता. पप्पांनी मोरपंखीवर तळवा ठेवला. "फार दाट. यावर काही टांगता यायचं नाही." मग अरोकेरियाचे मजले खालून वर मोजले, पाच भरले. "शिस्तीचं आहे. आमच्या हेडमास्तरांसारखं." तिसरा सुरू. त्याच्या बारीक लोंबत्या काड्यांतून ते बराच वेळ बोटं फिरवत राहिले. लहानपणी मुरगूडला त्यांचे वडील नाताळसाठी सुरूचीच फांदी आणत, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. "हेच," पप्पा म्हणाले. ताऱ्याच्या वजनानं शेंडा वाकेल, असं मी म्हटलं. "कागदाचा लावा की," मामांनी मला गप्प केलं. पण पप्पांनाही सोडलं नाही. "मास्तर, ह्येला ऊन लागतंय. घरात कोंडलासा तर पंधरा दिसात वाळंल." शेवटी झाड गॅलरीत गेलं आणि पप्पांची कॉट खिडकीशी सरकली.

वारा आला की सुरू सूं सूं करायचा. पप्पा दुपारभर ते ऐकत पडायचे. मध्ये कुणी बोललं तर हात वर करून थांबवायचे. फेब्रुवारीत ते गेले. मामा आले, दोन मिनिटं उभे राहिले. "झाड मी नेतो, बांधावर लावतो. कुंडीत त्येचं हाल हुत्यात," म्हणाले. मी हो म्हटलं. पुढच्या नाताळला मी अरोकेरिया घेतला, त्यानंतरही दरवर्षी तोच. मला तोच आवडतो, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. मामांनीही कधी शेरा मारला नाही. मी दहा रोपं फिरून बघेपर्यंत उकिडवे बसून असायचे.

डिसेंबर लागल्यावर मी नर्सरीत गेलेच. सुनेनं शेडमधून एक रोप ओढत आणलं. मातीच्या गोळ्यासकट काढलेला अरोकेरिया, मुळांना गोणपाट गुंडाळून सुतळीनं करकचून बांधलेला. "मामांनीच बांधून ठेवलता. बाई सरळ शेंडा बघत्यात, म्हणालं, ह्यो त्यांचा." शेंडा खरंच सरळ होता. यंदा मला काही निवडावं लागलं नाही.

झाड आता हॉलमध्ये बादलीत उभं आहे. आठ दिसांत गोणपाट सोडून कुंडीत लावा, असं तिनं बजावलं होतं. आज अठरावा दिवस. सुतळीच्या गाठी तशाच आहेत. पाणी मी गोणपाटावरूनच घालते.