काकडीच्या वासाचा मासा

माझं नाक मालवणचं. बाजाराच्या या टोकाला उभी राहून त्या टोकाचा बांगडा ताजा की कालचा, हे मी लहानपणी सांगायचे. त्याच नाकाने क्योतोत मला दगा दिला. म्हणजे दिला नवऱ्याने, पण नाकालाही मी अजून माफ केलेलं नाही.

लग्न ठरलं तेव्हा सासरची एकच अट होती, घरात मासे शिजणार नाहीत. नवरा पुण्याचा. नुसत्या वासानेही मळमळतं म्हणायचा. मी म्हटलं, घरातच कशाला, बाहेरही नाही खाणार. कुणी सांगितला होता एवढा शहाणपणा? पण प्रेमात होते. त्याच्या संशोधनासाठी क्योतोला आलो, तर इथे जिथे जावं तिथे मासे. सुपरमार्केटात मी मान खाली घालून थेट टोफूपाशी जायचे.

सुट्टीत मालवणला गेलो की आई भांडीसुद्धा घासूनपुसून घ्यायची, जावयाला वास नको. आणि बाबा, ज्यांचा घास माशाशिवाय उतरत नसे, ते निमूट दुधीची भाजी खायचे. क्योतोतले आमचे दोन उन्हाळे झाले होते; बाबांच्या त्या शेवटच्या मे महिन्यात त्यांना जेवणच जात नव्हतं. आईला हळूच म्हणाले, "सुरमईचं थोडं कालवण असतं तर..." आई म्हणाली, "जावई जाऊ देत, मग करते." आम्ही क्योतोला पोचलो आणि मागोमाग फोन आला, बाबा गेले.

उन्हाळ्यात नवऱ्याचे सेन्सेई, म्हणजे त्याचे गाईड, त्याला रविवारी नदीवर न्यायचे. तिथे आयु नावाचा मासा मिळतो. हा आपल्या दगडावरचं शेवाळ खातो आणि तिथे दुसऱ्या आयुला फिरकू देत नाही. म्हणून गळाच्या दोरीला एक जिवंत आयु बांधून पाण्यात सोडतात. दगडाचा मालक चवताळून त्याच्या अंगावर येतो आणि गळाला अडकतो. "मी आपला जाळी धरून उभा असतो," नवरा म्हणायचा. "गाईडला नाही कसं म्हणू?"

मी थालीपिठं बांधून द्यायचे. संध्याकाळी डबा चाटूनपुसून रिकामा आणि याच्या हातांना काकडीचा वास. "मला दुसरं काय मिळणार तिथे? काकडी खाल्ली," म्हणायचा. माझा जीव तुटायचा हो! लगेच गरम वरणभात, वर तुपाची धार.

यंदा सेन्सेई निवृत्त झाले, म्हणून त्यांनी सगळ्यांना कुटुंबासह नदीवर बोलावलं. पुरुष पाण्यात उतरले. काठावर सेन्सेईंची बायको मासे काडीला ओवून, मीठ चोळून निखाऱ्यापाशी लावत होती. मी मदतीला बसले आणि एकदम काकडीचा वास आला. मी बादलीत डोकावले. काकडी कुठेच नव्हती.

"ताज्या आयुचा वास असाच असतो," त्या कौतुकाने म्हणाल्या. "तुमच्या मिस्टरांना फार आवडतो. पहिल्या उन्हाळ्यापासून दोन-दोन खातात! आणि तुमची थालीपिठं आमच्या वाट्याला. इतकी छान असतात!"

मी हसले. दुसरं काय करणार होते? आतून मात्र नुसती आग आग होत होती.

नवरा पाण्यातून वर आला आणि माझा चेहरा बघून जागच्या जागी थांबला. "अगं, सांगणारच होतो," म्हणाला. "तुला वाईट वाटेल म्हणून..."

तेवढ्यात सेन्सेईंच्या बायकोने माझ्यापुढे भाजलेला आयु ठेवला. मी हात लावेना. तेव्हा नवरा शेजारी बसला, चॉपस्टिक्सने मासा दोन्ही बाजूंनी दाबला, शेपटी मोडली आणि डोकं धरून अलगद ओढलं. अख्खा काटा बाहेर! पेडव्यांसारखे काटेरी मासे खात वाढलेल्या मला असं जमलं नसतं. असा हात बसायला किती मासे खावे लागतात, ते मला चांगलं ठाऊक आहे.

"खा ना," तो म्हणाला. "आता दोघंही खाऊ या."

"पहिल्या उन्हाळ्यापासून?" मी विचारलं. "म्हणजे बाबांच्या त्या मे महिन्याच्या आधीपासून तू खात होतास?"

त्याने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "हो," म्हणाला.

मी बशी उचलून त्याच्यापुढे ठेवली.

"खा," म्हटलं. "इथे तू कुणाचा जावई नाहीस."