अबोल्यातला गेम

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मी माझ्याच घरात एकदा सापळा लावला, आणि उंदीरही मीच निघालो.

त्याचं असं झालं. मेव्हण्यासमोर मी बोलून गेलो, सांबारवडी खावी तर महाल भागातल्या दुकानातलीच. बायकोने, वैशालीने, सकाळपासून कोथिंबीर निवडून, खपून केलेली सांबारवडी तेव्हा माझ्याच ताटात होती. झालं, अबोला सुरू. आमच्याकडे अबोल्यात जो आधी बोलेल, तो हरला. तोवर टपालखातं आईकडे.

"आई, यायले सांगा, चहा झाला."

"आई, तिले सांग, साखर कमी आहे."

मला दुसऱ्याच दिवशी करमेनासं झालं. पण हरायचं कसं? तेवढ्यात ऑफिसातल्या मित्राने मोबाइलवर एक गेम पाठवला. अरुंद वाटेतून बोटाने ठिपका न्यायचा, भिंतीला लागू द्यायचा नाही. दिसायला अगदी गरीब. भिंतीला लागला मात्र, की स्क्रीनभर भुताचं तोंड आणि कानठळ्या बसवणारी किंकाळी. म्हटलं, वैशाली घाबरून "अहो" म्हणेल आणि मी जिंकेन.

पण मोबाइल तिला द्यायचा कसा? अर्थात टपालखात्यामार्फत.

"आई, हे तिले दे. सांग, तिच्याच्यानं नाही होत म्हणावं."

आईने चष्मा लावला. "पाहू दे मले आधी."

आणि आईच खेळायला लागली! जन्मभर शिवणकाम केलेला हात तो, ठिपका जरा इकडेतिकडे होईना. आणि मला आता आठवलं, आईच्या हृदयाचं ऑपरेशन दिवाळीतच तर झालंय.

"आई, दे इकडे."

"काहून? जमून राहिलं ना मले."

ठिपका शेवटच्या वळणावर आला. मी झडप घालून मोबाइल ओढला, आणि माझाच अंगठा फिरून ठिपका भिंतीला लागला.

भूत थेट माझ्या नाकासमोर. मला सगळं माहीत होतं हो! तरी मी जीव खाऊन ओरडलो, "वैशू!"

हे नाव आईसमोर आजवर कधी माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

वैशाली लाटण्यासकट धावत आली. मी पांढराफटक, आई शांत.

"माय बाजूले बसून आहे, अन् पोट्ट्यानं हाक मारली बायकोले," आई म्हणाली.

वैशालीने कणकेने भरलेला हात माझ्या कपाळावर ठेवला. खरं सांगतो, इतकं बरं वाटलं. पण बोलली ती आईशीच.

"आई, यायले विचारा, आधी कोण बोललं?"

आईने चष्मा काढला आणि निरोप पोचवला.

"ऐकलं का गा? वैशू म्हणते, तू हरला."