बचाव मार्गावरची पांढरी गाडी

नोकरीतला कोणता गुन्हा अजून विसरला नाही, असं लोक विचारतात तेव्हा त्यांना खून नाहीतर दरोडा ऐकायचा असतो. मी त्यांना एका उभ्या गाडीची गोष्ट सांगतो. बऱ्याच जणांची निराशा होते. चुकीच्या जागी गाडी लावणं हाही गुन्हा आहे, हे ज्यांना मनापासून पटत नाही, त्यांच्यासाठीच ती इथे लिहितो आहे.

त्या वर्षी पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली होती. नदीकडच्या भागातल्या ठाण्याचा मी प्रभारी निरीक्षक होतो. पुराच्या दिवसांत ठाण्याचं रूपच बदलतं. भांडणाच्या फिर्यादी मागे पडतात. दोरखंड, बॅटऱ्या, लाइफ जॅकेट यांची ने-आण सुरू होते. ठाणे अंमलदाराच्या टेबलाखाली ओले बूट, खुर्चीच्या पाठीवर ओले मोजे, आणि माणसं जागा मिळेल तिथे भिंतीला टेकून डोळे मिटलेली.

नदीकाठच्या एका सखल वसाहतीला पाण्यानं वेढलं होतं. तिथली माणसं बोटीनं काढायची, उताराच्या रस्त्याच्या टोकाशी उतरवायची आणि रुग्णवाहिकेनं किंवा बसनं वर न्यायची, अशी व्यवस्था ठरली होती. म्हणून तो उतार वाहनांना पूर्ण बंद होता. वरच्या चौकात बॅरिकेड, त्यावर 'बचाव मार्ग' असा फलक आणि शेजारी एक होमगार्ड.

आता आमची एक खोड सांगायला हवी. कोल्हापूरकराला पूर बघायला आवडतो. पाणी कुठल्या पायरीला लागलं, कुठला पूल बुडाला, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याला घास गोड लागत नाही. घरची सगळी मंडळी गाडीत घालून लोक निघतात. पाण्याच्या कडेला कणीस खातात, फोटो काढतात. ज्याचं घर बुडालंय तो समोरून डोक्यावर गादी घेऊन चाललेला असतो. त्याला वाट द्यायची सोडून हे त्याचाच फोटो घेतात. हे रागानं लिहितो आहे, आणि राग लपवायचं मला कारण दिसत नाही.

दुपारी ठाण्यात फोन आला.

"साहेब, तुमचं ते बॅरिकेड कडंला टेकवून ठेवलंय बघा. खाली जत्रा भरलीया. पाळणा तेवढा यायचा ऱ्हायलाय."

"आपण कोण बोलताय?"

"मी कोण का असंना. बोट आली तर माणसं उतरवणार कुठं, ते बघा की." त्यानं फोन ठेवला.

टिंगलीच्या सुरात दिलेली खबर खोटी असते असं नाही. मी गाडीत बसतोय तोवर वॉकीटॉकी बोलू लागला. वसाहतीतल्या एका गरोदर बाईला बोटीत घेतलं होतं. दिवस भरलेले, कळा सुरू, रक्त जातंय. रुग्णवाहिका उताराच्या टोकाशी तयार ठेवा.

आम्ही चौकात पोहोचलो तर रुग्णवाहिका तिथेच अडकलेली, सायरन वाजवत. होमगार्ड मधे उभा राहून हात हलवत होता आणि त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. उताराच्या एका बाजूला ओळीनं गाड्या. त्यांच्या शेजारून रुग्णवाहिका कशीबशी गेली असती. पण मध्यावर, समोरच्या बाजूला, एक पांढरी चारचाकी अशी लावली होती की तिचं तोंड फुटपाथवरून थेट भिंतीला आणि मागचा भाग अर्ध्या रस्त्यावर. रस्ता गेला आणि फुटपाथही गेला. त्या एका गाडीनं दोन्ही वाटा बंद केल्या होत्या.

मी भोंगा हातात घेतला. "पांढऱ्या गाडीच्या मालकांनी ताबडतोब यावं. बाळंत होणारी बाई बोटीतून येते आहे. दंडाची पावती केली जाणार नाही. फक्त गाडी काढा."

पुन्हा सांगितलं. पुन्हा, पुन्हा. शेकडो तोंडं माझ्याकडे वळली आणि पुन्हा पाण्याकडे गेली. कोणी पुढे आलं नाही. आम्ही गाडी ढकलून बघितली. गिअरमधे होती, हँडब्रेक ओढलेला. क्रेन मागवली, ती चौकाच्याही अलीकडे अडकली.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजू लागला. बाईचा नवरा गारगोटीला नोकरीला होता. रस्ते पाण्याखाली गेल्यानं तो तिकडेच अडकला होता. नियंत्रण कक्षातून माझा नंबर त्यानं मिळवला होता.

"साहेब, पोचली का ती?"

"बोट दिसते आहे."

"ॲम्ब्युलन्स हाय न्हवं तिथं?"

मी म्हणालो, "आहे." ते खोटं नव्हतं. रुग्णवाहिका डोळ्यांना दिसत होती. पण तो माणूस माझ्या आवाजात काहीतरी शोधत होता आणि मला ते त्याला सापडू द्यायचं नव्हतं.

बोट टेकली. बाईला स्ट्रेचरवर घेतलं, पण फुटपाथवरून स्ट्रेचर जाईना. शेवटी माझा हवालदार त्या गाडीच्या बॉनेटवर चढला आणि बोटीवरच्या जवानांनी स्ट्रेचर वर उचलून एक टोक त्याच्या हातात दिलं. पाऊस कोसळत होता. बाईनं हवालदाराची कॉलर घट्ट धरली होती. ती ओरडत नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. असं त्या गाडीवरून पलीकडे काढून तिला रुग्णवाहिकेपर्यंत नेलं. किती वेळ लागला ते सांगत नाही. बाळाला तो परवडणारा नव्हता, एवढं पुरे.

बाळ जन्मलं, पण रडलं नाही. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर मला म्हणाल्या, "जरा आधी आणायला हवं होतं." त्या आरोप करत नव्हत्या. वर्दीतला माणूस समोर होता, म्हणून बोलल्या.

त्या दिवसापासून रोज सकाळी हजेरी घ्यायच्या आधी मी रुग्णालयात फोन करू लागलो. उत्तर एकच यायचं: "अजून काही सांगता येत नाही."

मालक न आल्यानं गर्दी हटल्यावर ती गाडी क्रेननं ठाण्यात आणली. दोन पंच बोलावून पंचनामा केला. मागच्या सीटवर एक ताट होतं. ताटात सांडलेलं हळदकुंकू, थोडे तांदूळ आणि हिरव्या बांगडीचा फुटका तुकडा. ताटासकट सगळं जप्त करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मालक हजर झाला. शहरातला बरा चाललेला व्यापारी, इस्त्रीचा शर्ट, आवाज नम्र.

"साहेब, मी पूरग्रस्त आहे. गल्लीत पाणी शिरलं म्हणून गाडी तिथं आणून लावली. गाडी वाचवायची नाही का माणसानं?"

हे उत्तर त्यानं पूर्ण विचार करून आणलं होतं. पूर आला की सखल गल्ल्यांतली माणसं आपल्या गाड्या उंचावरच्या रस्त्यांवर, दुसऱ्यांच्या दारांत, मिळेल तिथे लावतात. कोणी त्यांना बोलत नाही आणि आम्हीही हात लावत नाही. ही इथली माणुसकी आहे. तो तिच्याच आडोशाला उभा राहिला होता. पण उंचावर न्यायची गाडी त्यानं पाण्याच्या दिशेनं खाली आणली होती.

"गाडी कोण चालवत होतं?"

"मीच. लावली आणि सामान हलवायला निघून गेलो. तुमचं बोलावणं मला ऐकूच आलं नाही."

"बॅरिकेड?"

"बाजूलाच होतं की."

मी हवालदाराला त्याच्या पत्त्यावर पाठवलं. तो परत आला तो हसू दाबत. "साहेब, गल्लीतलं ते जुनं घर, पाण्यात हाय खरं, पर त्याला कवापासून कुलूप हाय. मंडळी ऱ्हात्यात कसबा बावड्याच्या अंगाला, नव्या बंगल्यात. तिथं उंबऱ्याला चिखल सुदीक न्हाई."

मग होमगार्डला समोर बसवलं. शेतात राबणारा, तिशीतला माणूस. बंदोबस्ताला बोलावलं की यायचा. तो खाली मान घालून एकच म्हणत होता, "माझी चूक झाली. लिहा साहेब."

"कोणासाठी बाजूला केलंस?"

पुन्हा तेच, "माझी चूक झाली." दमदाटीनं काही निघालं नसतं. भ्यालेला माणूस बोलतो. हा भ्यालेला नव्हता, लाजलेला होता. लाजलेल्या माणसाला वेळ द्यावा लागतो. मी जप्त केलेलं ताट आणायला सांगितलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं ताटाकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"म्हातारी हुती गाडीत. म्हणाली, पोरा, गंगेची ओटी भरायची हाय, अडवू नगंस. साहेब, आमची आईबी पूर आला की भरती. नदी शांत हुती म्हंत्यात. ओटीला कसं न्हाई म्हणायचं? एकच गाडी सोडली. ती गेली तशी मागची सगळी अंगावर आली. त्याला सोडलं, आमाला का न्हाई? ओटी तर सगळ्यांचीच हाय म्हणं."

त्यानं चूक केली होती, यात शंका नाही. पण त्या चौकात माझी स्वतःची आई गाडीतून तसं म्हणाली असती तर मी काय केलं असतं, हा प्रश्न मला टाळता आला नाही.

वयस्कर बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं. महिला अंमलदार बरोबर घेऊन मी बंगल्यावर गेलो. मालकानं चहा मागवला, पाऊसपाण्याचं विचारलं आणि आईला म्हणाला, "आई, तू आत जा, बरं नाही तुला."

"मला काय धाड भरलीया," म्हातारी म्हणाली. "बसा पावणं. भोंग्यावर वरडत हुता ते तुमीच व्हय?"

"मीच, आजी."

"वाटलंच. ह्याला म्हटलं हुतं, गाडी वर ठेवू, चालत जाऊ. तर म्हंतंय, नवी गाडी हाय, वर कोणतरी ओरखडा काढंल."

"आई, साहेबांना कामं आहेत."

"त्यांचंच काम सांगती मी." तिनं त्याच्याकडे न बघता पुढे सांगितलं. "तुमचा भोंगा ऐकला तसं म्हटलं, जा, गाडी काढ, बाई अडलीया. तर म्हंतंय, गप ऱ्हा, पावती करत न्हाई म्हंत्यात आणि बोलावून घेऊन करत्यात. दुसरं कोणतरी काढंल गाडी."

मालक उठून उभा राहिला. "साहेब, वयामुळं तिला नीट ऐकू येत नाही."

"मला चांगलं ऐकू येतंय. तुलाबी आलतं."

चहा तसाच राहिला. मग म्हातारीनं विचारलं, "त्या बाईचं काय झालं?"

"बाई बरी आहे. बाळ काचेत आहे."

ती महिला अंमलदाराकडे वळून बसली. म्हणाली, "लिही बाई. मी सांगितलं तसंच लिही. आणि अंगठा नगं, मला सही येती."

पोटच्या पोराविरुद्ध जबाब देणारी माणसं मी नोकरीत फार बघितली नाहीत. जबाब देऊन ती रडली नाही की त्याच्याशी भांडलीही नाही. आम्ही निघताना देव्हाऱ्यापुढे बसली होती, एवढंच दिसलं.

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी रुग्णालयातून वेगळं उत्तर आलं. बाळ आईजवळ दिलं होतं. त्या दिवशी मी ठाण्यात पेढे वाटले. हवालदारानं दोन घेतले आणि त्या बाईनं धरलेली कॉलर चाचपत म्हणाला, "एक कॉलरीचा."

पुढचं मात्र गोड नाही. आम्ही दोषारोपपत्र दाखल केलं. बचावाच्या वकिलांनी न्यायालयात शांतपणे विचारलं, "नुकसान काय झालं? बाळ जिवंत आहे, आई जिवंत आहे. माझ्या अशिलानं फक्त गाडी लावली होती." उशिरामुळे बाळाला नेमकं काय झालं, हे ठामपणे सांगणं डॉक्टरांनाही शक्य नव्हतं. मोठं कलम टिकलं नाही. मालकानं दंड भरला आणि घरी गेला. होमगार्डबद्दल मी वरिष्ठांना लिहिलं की चूक मान्य करून त्यानं तपासाला मदत केली आहे, त्याला संधी द्यावी. त्याला पुन्हा बंदोबस्ताचं बोलावणं आलं नाही. दोघांच्या शिक्षा शेजारी ठेवून बघा, म्हणजे आपल्याकडे कोणती चूक महाग पडते ते कळेल.

निकालानंतर बाळाचा बाप मला भेटायला आला. मूल त्याच्या कडेवर होतं. गुटगुटीत, पण मान अजून नीट धरत नव्हतं. डॉक्टरांनी थांबा आणि बघा असं सांगितलं होतं. तो म्हणाला, "साहेब, त्या माणसाशी मला भांडायचं न्हाई. येवढंच विचारायचं हाय, भोंगा ऐकताना त्याच्या मनात काय चाललं हुतं?"

मी त्याला खरं तेच सांगितलं. "त्याला वाटलं, दुसरा कोणीतरी काढेल."

त्यानं मान हलवली. मुलाची कलंडलेली मान हातानं सावरली आणि निघून गेला.

आयुष्यभर मी गुन्ह्याच्या मागे हेतू शोधला. वैर, लोभ, सूड. आमचं शिक्षणच तसं झालेलं. या तपासात मला कुठलाही हेतू सापडला नाही. त्या माणसाला त्या बाईचं वाईट करायचं नव्हतं, तो तिला ओळखतही नव्हता. त्याला फक्त आपल्या गाडीवर ओरखडा नको होता आणि हातात पावती नको होती. एवढ्यावर एखाद्याचा जीव टांगणीला लागू शकतो. आता निवृत्त आहे. सकाळी फिरायला जातो तेव्हा फुटपाथवर चढवलेल्या गाड्या दिसतात, शाळेपुढे, दवाखान्यापुढे. मालक दिसला की मी थांबतो आणि गाडी काढायला सांगतो. तो म्हणतो, "दोनच मिनटं, काका." मी तिथून हलत नाही. किल्ली लागून गाडी निघेपर्यंत तिथेच उभा राहतो.