सुधाकाकूंचा काळा द्रोण

सुधाकाकू कुणाच्याही घरी गेल्या, की पुढ्यात आलेली रिकामी वाटी आधी पालथी करून बघायच्या. बुडाच्या कडेवरून अंगठा फिरवायच्या आणि लगेच निकाल द्यायच्या. माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा मी हौसेने घेतलेल्या नव्या वाट्या काढल्या होत्या. काकूंनी त्यातली एक पालथी घातली. "मेधा, वरून नटवलीय आणि खाली कुणी लक्षच दिलेलं नाही. परत करून टाक." मी त्या परत केल्या नाहीत, पण तेव्हापासून त्यांत श्रीखंड वाढताना मला ओशाळल्यासारखं होतं.

अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावी, आमच्या कॉलनीत निम्मी घरं भारतीयांची आणि निम्मी जपान्यांची आहेत. सगळे आले ते मोटारींच्या कारखान्यांमुळे. काकूंचा मुलगा निखिल मोटारींच्या रंगाचं काम बघतो. काकूंनी वेंगुर्ल्याकडच्या एका शाळेत आयुष्यभर शिवण शिकवलं होतं. काका गेल्यावर निखिलने त्यांना इकडे आणलं. "इथं मला दोनच कामं," त्या म्हणायच्या, "पोळ्या करणं आणि दारातली पार्सलं आत घेणं." म्हणून मीच त्यांना गाडीत घालून कम्युनिटी सेंटरमधल्या हायाशी-सान यांच्या शनिवारच्या वर्गात नेलं. हायाशी-सान आमच्याच गल्लीत मुलाकडे राहायच्या. वय काकूंएवढंच, बोलणं जेमतेम.

त्या उरुशी शिकवायच्या. उरुशी म्हणजे एका झाडाचा चीक. सावंतवाडीच्या खेळण्यांवर असते ती लाख वेगळी. हा चीक लाकडावर किंवा कापडावर पातळ थरांनी चढवतात, प्रत्येक थर घासतात, पुन्हा चढवतात. शेवटी जी काळी चकाकी येते ती रंगाची वाटतच नाही, खोल पाण्याची वाटते.

पहिल्याच आठवड्यात काकूंचे दोन्ही हात कोपरापर्यंत सुजले. दवाखान्यातल्या मुलीने विचारलं, रानातल्या कुठल्या विषारी वेलीला हात लावलात का? बाहेर गुडघाभर बर्फ होता. काकू मला म्हणाल्या, "हिला सांग, बिब्बा उतलाय. घाबरू नकोस म्हणावं." बिब्बा, काजू, आंब्याचा चीक आणि ही उरुशी, सगळी एकाच कुळातली झाडं, हे मला नंतर कळलं. काकूंना ते हातांनी आधीच कळलं होतं. निखिलने मात्र फर्मान काढलं, "आई, बास. हे टॉक्सिक आहे. दुसरा काहीतरी क्लास लाव, वॉटरकलर वगैरे."

"तुझ्या कारखान्यातला रंग काय तीर्थ आहे?" काकूंनी विचारलं आणि पुढच्या शनिवारी लांब हातमोजे घालून हजर झाल्या.

वर्गात त्यांची खरी परीक्षा झाली. हायाशी-सान काम उजेडाकडे धरायच्या, वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यात कसं पडतंय ते बघायच्या. ती पांढरी रेघ जराशी जरी वाकली तरी म्हणायच्या, "अगेन." रागावून नाही, हसूनही नाही. ज्या बाईने शेकडो मुलींना टाके उसवायला लावले, तिला आता कुणीतरी उसवायला लावत होतं. परतताना काकू गाडीत चिडचिड करायच्या. "संगीत नाटकात नाहीत एवढे वन्समोअर आहेत ह्या बाईचे!" मग जरा वेळाने स्वतःशीच, "बरोबर आहे पण तिचं. उसवलं म्हणजे वाया गेलं असं नाही."

दुसऱ्या वर्षी एका संग्रहालयात आजच्या जपानी कारागिरीचं मोठं प्रदर्शन ठरलं: उरुशी, धातू आणि माती. हायाशी-सानचा एक डबा त्यात होता. बाहेरच्या दालनात इथे राहून काम करणाऱ्यांसाठी एक फळी ठेवली होती, आणि तिथे काय जाईल ते हायाशी-सान ठरवणार होत्या. काकूंनी ठरवलं, आपण द्रोण द्यायचा. प्लास्टरच्या साच्यावर कापडाचे थर उरुशीने चिकटवत जायचं आणि शेवटी साचा काढून टाकायचा, अशी एक जुनी जपानी पद्धत आहे. तिकडे तागाचं कापड वापरतात. काकूंनी गावाहून आणलेले पंचे कापले.

"काकू, निवड झाली नाही तर?" मी विचारलं.

"नाही तर नाही. पण एकदा, एकदाच, त्या बाईच्या तोंडून अगेन येता कामा नये."

अडचण हवेची होती. उरुशी सुकत नाही, ती ओलीत घट्ट होते. तिला दमट आणि कोमट जागा लागते. मिशिगनच्या हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी की सकाळी ओठ फुटलेले असतात. काकूंनी पाहुण्यांची बाथरूम ताब्यात घेतली. टबात गरम पाणी, दांडीवर ओले टॉवेल, फळीवर द्रोण, दाराच्या फटीला चिंध्या. सूनबाई ऋचाने कुरकुर न करता पाहुण्यांना वरची बाथरूम दाखवायला सुरुवात केली.

आणि तरीही निखिलने घोळ केलाच. शेवटचा थर दिल्यावर आईची धावपळ त्याला बघवेना. मोटारीवरचा रंग भट्टीत भाजून सुकवण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. त्याने प्रेमाने द्रोण उचलला आणि हीटरच्या झरोक्यापुढे नेऊन ठेवला. सकाळी द्रोण तसाच चिकट, वर गालिच्याचे तंतू आणि धूळ बसलेली. काम दाखवायला दहा-बारा दिवस उरले होते.

मी पोचले तेव्हा निखिल स्वयंपाकघरात मान खाली घालून उभा होता. "आई, सॉरी. मला वाटलं, ड्राय हीट दिली की क्युअर होईल."

"तुझी गाडी नाहीये ती," काकू म्हणाल्या. मग कोळशाची कांडी आणि पाण्याचं भांडं त्याच्या पुढ्यात ठेवलं. "चिकटा पुसून देते, ओलीत ठेवून कडक करू. मग घासायला बस. हलक्या हाताने. खालचा थर दिसला तर जेवायला मिळणार नाही."

त्या आठवड्यात निखिल ऑफिसातून येऊन रोज घासत बसला. नवा शेवटचा थर द्यायला नेमका शनिवार उजाडला आणि त्याच संध्याकाळी ऋचाचं हळदीकुंकू. ती म्हणाली, "आई, कॅन्सल करू का?"

"कॅन्सल कशाला? बायकांना येऊ दे. त्या दाराकडे कुणी जायचं नाही, एवढंच."

काकू जरीची साडी नेसून बाथरूमच्या दाराला पाठ लावून खुर्चीत बसल्या. येणाऱ्या प्रत्येकीला तिथेच हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला. एका नव्या मुलीने अदबीने विचारलं, "काकू, आत कोणी आहे का?"

"बाळंतीण आहे. ओल हवी, वारा नको, पाहुणे तर नकोच नको. तू वर जा."

वरच्या बाथरूमसाठी जिन्यावर रांग लागली. एरवी तोंडदेखलं हसणाऱ्या बायका रांगेत उभ्या राहून एकमेकींशी मनापासून गप्पा मारत होत्या. इतकं रंगलेलं हळदीकुंकू मी अमेरिकेत दुसरं पाहिलेलं नाही.

काम दाखवायच्या दिवशी हायाशी-साननी द्रोण दोन्ही हातांत घेतला. ट्यूबलाइटखाली धरला. आतली बाजू, कड, बूड. पुन्हा आतली बाजू. काकूंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. हायाशी-साननी द्रोण टेबलावर ठेवला, काकूंसमोर कमरेतून वाकल्या आणि मऊ कापड काढून तो बांधायला लागल्या. तोंडातून एक शब्द नाही.

गाडीत बसल्यावर काकू म्हणाल्या, "मेधा, काही बोलली नाही गं ती."

"नाही बोलली."

"काहीच नाही!" आणि मग काकू एवढ्या मोठ्याने हसल्या, की शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच खाली केली.

उद्घाटनाला आम्ही सगळे गेलो. बाहेरच्या दालनातल्या फळीवर द्रोण नव्हता. निखिलचा चेहरा पडला. तो कुणाला तरी जाब विचारायला निघाला, तेवढ्यात ऋचाने आतून हाक मारली. द्रोण मुख्य दालनात होता. एका बाजूला चांदीच्या एकाच पत्र्यातून ठोकून काढलेला कलश, त्यावर वाऱ्याने वाळूवर उमटाव्यात तशा लाटा. दुसऱ्या बाजूला कागदासारख्या घड्या पडलेलं चिनीमातीचं पांढरं भांडं. मध्ये काकूंचा काळा द्रोण. हायाशी-साननी आयोजकांना निक्षून सांगितलं होतं, हा आत ठेवा.

काकूंनी स्वतःच्या द्रोणाकडे धड पाहिलंही नाही. त्या कलशापुढेच उभ्या राहिल्या. "ठोके बघ. एक चुकलेला नाही. ह्याच्या शेजारी बसवलंय मला." मग निखिलकडे वळून, "फोटो काढ. दोन्ही आले पाहिजेत."

प्रदर्शन संपल्यावर संग्रहालयाने द्रोण कायमचा मागितला. काकूंनी अट घातली: लोकांना तो हातात घेता आला पाहिजे. तिथल्या बाई म्हणाल्या, असं आमच्याकडे होत नाही. काकू म्हणाल्या, "मग माझ्याकडे देणं होत नाही." मी जरा सौम्य शब्दांत भाषांतर केलं. पत्रव्यवहार बरेच दिवस चालला. काकू एक तसूही हलल्या नाहीत. शेवटी संग्रहालयच हललं.

काकूंना जाऊन आता दोन वर्षं होतील. महिन्यातल्या एका रविवारी संग्रहालयातली एक मुलगी लोकांना हात धुवायला लावते, अंगठ्या काढायला लावते आणि मऊ गादीवर ठेवलेला द्रोण पुढे करते. मी अधूनमधून जाऊन बघते. तो दिसतो काळ्या दगडाचा, म्हणून माणूस दगड उचलायच्या तयारीने हात घालतो. आत तर नुसतं कापड. द्रोण झटकन वर येतो, अपेक्षेपेक्षा हातभर उंच, आणि दर वेळी तो माणूस, मग तो कुणीही असो, आधी दचकतो आणि मग खळखळून हसतो.