गाडी मागून बसते!

कमानीच्या पट्ट्यांच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, किस्सा मात्र इथेच राहतो. उमरेड रोडवरचं आमचं दुकान अशा किश्श्यांनी इतकं भरलंय की लोखंड ठेवायला जागा नाही!

ट्रक, टेम्पो, पिकअपच्या मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची एक गड्डी असते. ती बदलायची, वाढवायची, सपाट झालेले पट्टे तापवून पुन्हा वाकवायचे, हा आमचा धंदा. गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं. "भाऊ, गाडी मागून बसून राहिली!" आणि ती का बसते हे शोधता शोधता गाडीवाल्याच्या घरचं सगळं बाहेर येतं.

शोधायचं काम आमच्या शकीलभाईंचं. दुकान माझं असलं तरी उस्ताद तेच. गाडीवाला काय सांगतो ते ऐकून घेतात, मान डोलावतात आणि त्यातलं काहीही खरं न मानता गाडीखाली शिरतात.

इतवारीतले एक भांड्यांचे सेठ एकदा टेम्पो घेऊन आले. तक्रार अशी की गाडी डावीकडे झुकते. तीन दुकानांत दाखवून झालं होतं. शकीलभाई खाली शिरले, बाहेर आले, पुन्हा शिरले. पट्टे अगदी नव्यासारखे! मग त्यांनी सेठना अदबीने खाली उतरायला सांगितलं. सेठ डाव्या सीटवरून उतरले आणि टेम्पो सरळ झाला.

"सेठ, पट्टा एकदम ठीक है."

सेठ भडकले. "मंग मी का दुकानात पायी जाऊ?"

"जी सेठ. गाडी का भी फायदा है, आपका भी!"

सेठ पुन्हा आले नाहीत. टेम्पो मात्र अधूनमधून दिसतो, अजून डावीकडे झुकलेला.

आता आमची काम करायची पद्धत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पट्टे बसवले की लोड टाकून पाहावं लागतं. लोड रोज कुठून आणणार? समोरच्या चहाच्या टपरीवर ठवकर गुरुजी बसलेले असतात. शाळेतून रिटायर झालेले, देहाने भरभक्कम. त्यांना गाडीच्या मागच्या फाळक्यावर बसवायचं आणि चाक अन् मडगार्डच्या मधे हात घालून गाडी किती दबली ते पाहायचं. हळूहळू गुरुजी हे आमचं मापच झालं. "ही दोन गुरुजींची गाडी आहे," "याला अर्धा गुरुजी जास्त झाला," असं आम्ही गिऱ्हाइकासमोर बिनधास्त बोलायचो.

एका उन्हाळ्यात भलतंच झालं. दुरुस्त करून दिलेल्या गाड्या एकेक करून परत यायला लागल्या. सगळ्यांचं रडगाणं एकच, गाडी मागून बसते! शकीलभाईंनी लोखंडाला दोष दिला, माल देणाऱ्याशी कचाकचा भांडले, माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. शेवटी एके सकाळी गुरुजी दुकानात आले आणि म्हणाले, "शकील, बेल्टले अजून एक भोक पाडून दे गा. पँट उतरून राहिली."

शकीलभाई त्यांच्याकडे बघतच राहिले. गुरुजींना शुगर निघाली होती. महिनोन्‌महिने भात बंद, चहा बिनसाखरेचा, पहाटे फिरणं. आणि इकडे आम्ही त्यांना बसवून, गाडी फारशी दबत नाही म्हणून खुशाल पट्टे कमी टाकत होतो!

"गुरुजी, बताना था ना! पूरे उमरेड रोड की गाडियाँ बिठा दी आपने!"

आता टेस्टच्या आधी गुरुजींना "वजन?" असं विचारलं जातं. ते हजेरी दिल्यासारखं खरं खरं सांगतात.

पण खरी गंमत मेश्राम काकांच्या गाडीची. काका उमरेडचे, कोळसा खाणीतून रिटायर. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गावोगावहून लोक येतात, त्यांच्यासाठी काका-काकू रस्त्यालगत भोजनदान करतात. मसालेभात, जिलबी, थंड पाणी. त्यासाठी काकांनी हौसेने एक ट्रेलर बनवून घेतला. त्यावर दोन भट्ट्या, पाण्याची टाकी, भांडी, सगळा संसार! तो पिकअपला मागे जोडायचा, पिकअपमधे तांदळाची पोती आणि त्या पोत्यांवर काकूंची स्वयंपाकाची टीम. सगळ्या गल्लीतल्या बायका.

ट्रेलर जोडला की पिकअप मागून अशी बसायची की पुढची चाकं जेमतेम रस्त्याला टेकायची. गेल्या वर्षी कुहीफाट्याच्या अलीकडे एका स्पीड ब्रेकरवर ट्रेलरचा हुक घासला आणि गाडी अडकली ती अडकलीच. काकूंनी तिथेच भट्टी पेटवली. रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांनी मसालेभात पोटभर खाल्ला. "पुण्य तं झालंच ना वं," काका म्हणाले. काकूंनी रिकामं पातेलं दाणकन ट्रेलरवर आदळलं.

काकूंच्या भावाचं, वासनिक मामांचं, स्वतःचं मंडळ आहे, नवी कोरी गाडी आहे आणि ते दरवर्षी वेळेवर पोचतात. यंदा दसरा जवळ आला तसा काकूंनी निकाल दिला. "यंदा तुमची गाडी टायमावर नाई पोचली, तं पुढच्या सालापासून मी दादाच्या मंडळात सैपाक करीन. तुमी बसा तुमच्या ट्रेलरपाशी."

चाळीस वर्षांच्या संसारात काका कशालाच घाबरले नव्हते. या वेळी घाबरले. तडक आमच्याकडे आले. "भाऊ, काई बी करा. मागून बसली नाई पाहिजे!"

शकीलभाईंनी दोन पट्टे वाढवायचं ठरवलं. काका म्हणाले, अजून टाका. शकीलभाई म्हणाले, खाली, म्हणजे रिकामी, गाडी उछलेगी. काका म्हणाले, उछलू द्या. शेवटी काकांच्या हट्टापुढे आम्ही हात टेकले आणि गड्डी अशी जाड केली की कोळशाचा ट्रक लाजला असता.

दुसऱ्याच दिवशी काकू माहेराहून दह्याचं भांडं मांडीवर घेऊन रिकाम्या पिकअपमधून घरी आल्या. गाडी रस्ताभर बेडकासारखी उड्या मारत होती. घरी भांडं उघडलं तर वर लोणी, खाली ताक! काकूंनी मला फोन केला. "भाऊ, आधी सांगतलं असतं, तं मी रवी विकत नसती घेतली."

जास्तीचे पट्टे काढले. मग शकीलभाईंनी उपाय सुचवला तो हवेच्या फुग्यांचा. मागच्या चाकांच्या दांड्यावर दोन जाड रबरी फुगे बसवायचे. लोड असला की हवा भरायची, रिकामी गाडी असली की सोडायची. ट्रेलरवरची टाकीही मागेपुढे सरकवून चाकांवर आणली, म्हणजे हुकावरचा भार कमी होतो. काकांना फुगे इतके आवडले की गावात येणाऱ्याजाणाऱ्याला वाकवून दाखवायचे.

टेस्टला काकू सगळी टीम घेऊनच आल्या. शकीलभाई हवेचा अंदाज बांधायला वही-पेन घेऊन अदबीने म्हणाले, "भाभीजी, सबका वजन थोडा बता देते तो..."

टपरीवर गुरुजींनी चहाचा कप खाली ठेवला.

काकू शांतपणे म्हणाल्या, "शकीलभाऊ, आमी बसतो. मंग गाडी सांगन तुमाले वजन."

बायका बसल्या. गाडीने सांगितलं. शकीलभाईंनी मुकाट्याने हवा वाढवली आणि तो आकडा आजपर्यंत मलाही सांगितलेला नाही.

दसऱ्याच्या दिवशी मी आणि शकीलभाई सकाळपासून ठरलेल्या जागी जाऊन उभे. वासनिक मामा अजून आले नव्हते, यातच आमचा अर्धा आनंद. आणि बरोबर वेळेवर, वळणावरून मेश्राम काकांची पिकअप आली! मागे ट्रेलर, पिकअपवर बायकांना ऊन लागू नये म्हणून घट्ट बांधलेली ताडपत्री. गाडी कशी, तर पाटीवरची रेघ! ना मागून बसलेली, ना पुढून उचललेली. माझ्या अंगावर काटा आला हो.

काका उडी मारून उतरले, आम्हाला जयभीम घातला आणि शकीलभाईंना मिठीच मारली.

शकीलभाईंनी चाकावर हात घालून पाहिलं. पलीकडे जाऊन पाहिलं. मग जरा विचारात पडून म्हणाले, "काका, इतना अच्छा काम तो मैंने किया नहीं था."

"तुमाले तुमची कला मालूम नाई!" काका म्हणाले. "कुहीफाट्यावर हवावाल्यापाशी फक्त थांबलो. सारे चहा प्यायले उतरले, मी फुग्यात हवा मारली, अन् तिथून जे निघालो ते इथंच! तो स्पीड ब्रेकर तं कळला बी नाई!"

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. काकूंचा! काकांनी कौतुक सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"पोचले का?" काकूंचा आवाज एकदम गोड.

"पोचलो वं! अन् गाडी अशी आली, का सांगू तुले! मागं लोड हाय असं वाटलंच नाई!"

"कसं वाटन? लोड तं इथं फाट्यावर उभा हाय, हवावाल्यापाशी. ठेवा फोन, दादा आला आमाले घ्यायले."