व्याह्याच्या हातचा घास

शिमकेंत शहरात कुणाचं लग्न ठरलं की हॉलच्या आधी काल्दिबेकची तारीख धरायचे. लग्नाच्या जेवणात माइक घेऊन उभं राहायचं, आशीर्वाद द्यायला कुणाला कधी उठवायचं ते बघायचं, रडक्या आत्यांना आवरायचं आणि सगळ्यांना हसवायचं, हा त्याचा धंदा. धंद्याचं भांडवल म्हणजे त्याचं पोट. दारातून आधी ते आत यायचं, मग तो. “मंडळी, आम्ही दोघंही आलोय!” एवढ्यावरच निम्मा हॉल टेबलांवर पालथा पडायचा.

पोटावरचे विनोद तो स्वतःच करी, कारण आपण नाही केले तर दुसरे करतात, हे त्याला शाळेतच कळलं होतं. स्वतः केले की निदान पैसे तरी मिळत.

मग गेल्या शरदात एका लग्नात त्याच्याखालची खुर्ची मोडली. काल्दिबेक पाठीवर आपटला. माइक हातातच राहिल्यामुळे त्याचं कण्हणं हॉलभर ऐकू गेलं आणि लोक आणखीच हसले. उठवायला कुणी आलं नाही. हाही कार्यक्रमातलाच भाग असणार, असं सगळ्यांना वाटलं. तोही मग पडल्या पडल्या म्हणाला, “खुर्चीच्या घरच्यांना माझं सांत्वन कळवा.” हॉल कोसळला. तेवढ्यात त्याला दाराशी, त्याला न्यायला आलेली त्याची मुलगी अक्मरल दिसली. ती हसत नव्हती. खाली बघत होती.

हे ‘खाली बघणं’ काही त्याच्या डोक्यातून जाईना. साखर वाढली होती, गुडघे बोलत होते, डॉक्टर कधीचे सांगत होते. पण तो पोट लहान करून घ्यायला तयार झाला तो त्या खाली बघण्यामुळे.

“लोकांना काय सांगायचं?” बायको उल्जाननं विचारलं.

“झऱ्याचं पाणी प्यायला आरोग्यधामात गेलोय म्हण.”

“आणि खरं का नाही सांगायचं?”

“काय सांगू? बाप्या माणसाला तोंड आवरेना, म्हणून पोट कापून घेतलं?”

ऑपरेशनच्या दिवशी तो सकाळपासून बडबडत होता. दवाखान्याचा झगा पाठीमागे जुळेना, तेव्हा नर्सला म्हणाला, “पोरी, हा एका पायाला पुरेल. दुसऱ्यासाठी अजून एक आण.” नर्स हसली आणि तिनं त्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. आकडा बघून म्हणाली, “आगा, तोंड हसतंय, पण यंत्र खरं बोलतंय. गप पडा बघू जरा.”

डॉक्टरीण आली. तरुण होती, शांत होती. “मला ओळखलं नाहीत. माझ्या लग्नात तुम्हीच होता,” ती म्हणाली. “माझ्या सासूबाई आशीर्वादाला उठल्या, तेव्हा तुम्ही म्हणालात, माझ्याकडची एक खुर्ची यांना द्या, यांना दोन लागतात हे मी समजू शकतो.”

काल्दिबेकला आठवेना. अशी वाक्यं काय, रोज चार पडत. “हसल्या ना पण त्या?” त्यानं घाबरत विचारलं.

“हसल्या की. घरी येऊन रडल्या.” मग तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “घाबरू नका. मी काही तो राग काढणार नाहीये.”



घरी आल्यावर निराळीच भीती सुरू झाली. चमचाभर सूप घेतलं तरी आत काही उसवेल, असं वाटायचं. घोट घेऊन तो कान देऊन बसायचा. कपडे मात्र अंगावर लोंबायला लागले आणि शेजारीण बिबिगुल रोज कुंपणावरून वाकून बघायला लागली. “अगोबाई, पाणी आहे का साबण? माणूस धुऊन निम्मा केला! आमच्या ह्यांनाही पाठवते.” पाठवलंनही. तिचा नवरा महिनाभर गढूळ पाणी पिऊन आला आणि किलोभर वाढूनच आला. तो समोर दिसला की काल्दिबेक घरात पळायचा.

अशात अक्मरलला मागणी आली. मुलगा चांगला, माणसं तुर्किस्तान शहरातली. आता पोट कापून जेमतेम दोन महिने झालेले, आणि सोयरीक पक्की करायची म्हणजे मेंढीच्या शेपटीची चरबी आणि कलेजी एकमेकांच्या हातून खायची. तो घास गिळला की व्याही झालात. तोंड फिरवलंत तर लग्न मोडलंत.

“अजून वेळ आहे, सांगून टाका,” उल्जान म्हणाली.

“एवढुसा घास,” काल्दिबेक म्हणाला. “जाईल.”

घास एवढुसा नव्हता. विहीणबाई शरिपा बाही सरसावून उठल्या. ताटाभोवती बायकांनी गाणं धरलं. बिबिगुल मदतीला आली होती, तिचा आवाज सगळ्यात वर.

“आ करा, व्याही! अहो, असं काय लाजता नवरीसारखं? तुमच्या तोंडाची कीर्ती आम्ही तुर्किस्तानात ऐकलीये!” आणि मूठभर लुसलुशीत चरबी त्यांनी त्याच्या तोंडात कोंबली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काल्दिबेक मिटल्या तोंडानं हसला. त्यातलं थोडं खाली उतरलं आणि छातीच्या हाडामागे जाऊन बसलं. कपाळावर घाम फुटला. हात धुवायच्या निमित्तानं तो उठला, अंगणात गेला, आणि जर्दाळूच्या झाडामागे वाकून लेकीच्या सोयरिकीचा घास मातीत थुंकला.

तोंड पुसून वळला, तर मागे हात धुवायचं भांडं घेऊन व्याही दुइसेनबाय उभे.

दुइसेनबायनी त्या मातीकडे बघितलं. “मुलगी द्यायची नव्हती, तर तोंडावर सांगायचं होतंत,” ते हळूच म्हणाले. “आम्ही वाईट मानलं नसतं. घास कशाला थुंकायचा?”

काल्दिबेकनं तोंड उघडलं. वीस वर्षं कुठल्याही प्रसंगाला त्याच्याकडे एक विनोद तयार असे. आत्ता नव्हता. त्यानं सरळ सदरा वर केला. सैल कातडीवर लहान लहान लाल व्रण होते.

“पाणी प्यायला गेलो नव्हतो,” तो म्हणाला. “पोट कापून घेतलं.”

“आजार होता?”

“जाडी होती.” आणि मग त्यानं खुर्चीचं सांगितलं. माइकचं सांगितलं. “पोर खाली बघत होती हो,” तो म्हणाला. चरबीनं माखलेल्या हातानं त्यानं डोळे पुसले.

दुइसेनबायनी भांडं खाली ठेवलं. “त्या लग्नात आम्ही बापलेक होतो,” ते म्हणाले. “मी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. आमच्या मुलानं अक्मरलला तिथंच पाहिलं. घरी येऊन म्हणाला, एवढ्या माणसांत ती एकटीच हसत नव्हती.” थोडं थांबून त्यांनी भांडं उचललं. “हात पुढे करा. मी पाणी घालतो.”

आत गेल्यावर काल्दिबेक खाली बसला नाही. सवयीनं उजवा हात माइक धरल्यासारखा वर आला, तो त्यानं खाली घेतला. “विहीणबाई, तुमचा घास मी बाहेर थुंकलो,” तो म्हणाला. गाणं थांबलं. मग त्यानं सगळं सांगितलं, तेही पायाखालच्या गालिच्याकडे बघत. कान इतके तापले होते, की त्यांवर भाकरी भाजली असती.

शरिपाबाई ताटाकडे वळल्या. सुरी घेऊन त्यांनी चरबीचा मसुरीएवढा तुकडा कापला. मग डोळे बारीक करून त्याचेही दोन केले. त्यातला एक बोटाच्या टोकावर घेऊन दुइसेनबायनी व्याह्यापुढे धरला.

काल्दिबेकनं तो जिभेवर घेतला. चावत राहिला. अख्खी खोली त्याच्या जबड्याकडे बघत होती, कुणी चहाची वाटीसुद्धा हलवेना. दाराशी अक्मरल उभी होती. तिच्याकडे बघायचं धाडस त्याला होईना; शेवटी बघितलं, तर ती त्याच्याचकडे बघत होती.

तेवढ्यात बिबिगुल बोलली.

“म्हणजे आमचे हे महिनाभर तिथं उगीचच पाणी पीत होते?”

काल्दिबेकचा घास अजून चावून व्हायचा होता. त्यानं लाल होत होकारार्थी मान हलवली.